आधी उंची, मग कोन : गाडी खाली बसवण्याचा आणि चाक सरळ करण्याचा इतिहास

आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, की इतिहासाच्या व्याख्यानात गॅरेज कुठून आलं? पण आपण पालघर-बोईसरची माणसं. इथे घरटी एक तरी माणूस कारखान्यात, रेल्वेत नाहीतर गाडीवर. चाकाचा इतिहास आपल्याला परका नाही.

प्रश्न साधा आहे. गाडीची उंची कमी केली, म्हणजे पोरं म्हणतात तशी गाडी ‘खाली बसवली’, की टायर आतल्या कडेनं का झिजतात? गाडी एका बाजूला का ओढते? खड्ड्यात चाक गेलं की स्टिअरिंग हातातून का फिरतं? आणि मग अलाइनमेंटच्या मशीनवर गाडी लावूनही ते पूर्ण बरं का होत नाही? उत्तर शोधायला आम्ही थेट बैलगाडीपर्यंत मागे जाणार आहोत, कारण चाकाचा तिरपेपणा हा मोटारीपेक्षा फार जुना विषय आहे.

बैलगाडीचं चाक डोळ्यासमोर आणा. मधे तुंबा, त्यात बसवलेले आरे, वर पाटं, आणि त्यावर तापवून चढवलेली लोखंडी धाव. इंग्लंडमधले चाक घडवणारे सुतार हे चाक सपाट करत नसत. ते किंचित बशीसारखं खोलगट करत. घोडा चालताना गाडी डावी-उजवीकडे डोलते, त्यामुळे चाकावर आडवा दाब येतो, आणि बशीचा आकार तो दाब झेलतो. पण चाक बशीसारखं केलं तर खालचा आरा तिरपा पडतो आणि वजन तिरपं उतरतं. म्हणून त्यांनी आसाचं टोक थोडं खाली वाकवलं. चाक वरून बाहेर कललं, आणि जमिनीवर टेकलेला आरा उभा राहिला. जॉर्ज स्टर्ट नावाच्या लेखकानं १९२३ साली आपल्या घरच्या चाकांच्या कारखान्यावर पुस्तक लिहिलं, त्यात या बशीची चर्चा आहे. आज अलाइनमेंटवाला ज्याला ‘कॅम्बर’ म्हणतो, त्याचं हे एक मूळ. समोरून पाहिलं तर चाक उभ्या रेषेपासून किती अंश कललं आहे, तो कॅम्बर.

दुसरा कोन वळणाचा. चार चाकांची घोडागाडी वळवायची तर पूर्वी पुढचा अख्खा आस मधल्या खिळ्याभोवती फिरायचा. वळताना गाडीचा पाया अरुंद व्हायचा आणि गाडी उलटायची. इंग्लंडात साधारण १७५८ च्या सुमारास इरॅस्मस डार्विन या डॉक्टरनं, म्हणजे चार्ल्स डार्विनच्या आजोबांनी, दोन्ही चाकं वेगवेगळी वळवायची कल्पना मांडली. पुढे म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर या घोडागाडी बांधणाऱ्यानं ती स्वतंत्रपणे घडवली, आणि त्याच्या वतीनं रुडोल्फ अकरमन यानं १८१८ मध्ये लंडनला पेटंट घेतलं. नाव अकरमनचं राहिलं. वळताना आतलं चाक लहान वर्तुळात जातं, बाहेरचं मोठ्या वर्तुळात, म्हणून आतलं जास्त वळलं पाहिजे. हे साधायला दोन्ही चाकांना जोडणारी दांडी लागते. तीच आजची टाय रॉड. तिची लांबी मिलिमीटरभर बदलली तरी दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून दूर वळतात. याला म्हणतात ‘टो’.

तिसरी गोष्ट कमानपाट्याची. १८०४-०५ च्या सुमारास ओबाडाया एलियट यानं घोडागाडीच्या कमानपाट्यांचं पेटंट घेतलं. आता चाक वरखाली होऊ लागलं. आणि मंडळी, आपल्या आजच्या गोष्टीचं सगळं भांडण इथून सुरू होतं. चाक जागचं हललं नाही तर कोन एकदा लावला की लावला. चाक वरखाली व्हायला लागलं की प्रत्येक उंचीला कोन वेगळा. म्हणजे कोन हा उंचीवर अवलंबून असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

मोटार आली तेव्हा ती घोड्याशिवायची घोडागाडीच होती. उंच, पुढे एक अखंड लोखंडी आस, खाली पाटे. अखंड आसाचा एक फायदा होता : दोन्ही चाकं एकत्र बांधलेली, त्यामुळे गाडी दबली तरी चाकांचे कोन फारसे बदलत नसत. पण वेग वाढला, पुढच्या चाकांना ब्रेक आले, फुगीर टायर आले, आणि पुढची चाकं थडथडायला लागली. १९३० मध्ये मॉरिस ओली हा इंजिनीअर रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत कॅडिलॅककडे गेला आणि त्यानं यावर पद्धतशीर प्रयोग केले. १९३४ च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत पुढची दोन्ही चाकं स्वतंत्र झाली. प्रवास मऊ झाला. पण आता प्रत्येक चाक आपापल्या कंसात वरखाली जाणार, आणि तो कंस कागदावर आखणारा इंजिनीअर एक उंची धरूनच आखणार.

पुढे अर्ल मॅकफर्सन यानं शॉकअप आणि स्प्रिंग एकाच उभ्या खांबात बसवले. १९५० साली इंग्लंडमधल्या फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांत ही रचना आली. स्वस्त, हलकी, जागा कमी घेणारी. आज आपल्या रस्त्यावरच्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढे हाच खांब आहे.

गाडी खाली का आली?

गाडी खाली आणायची हौस आजकालची नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंडियानापोलिसच्या एका कंपनीनं गाडीचा सांगाडा आसाच्या वर ठेवण्याऐवजी खाली टांगला. १९४८ मध्ये हडसन कंपनीनं गाडीची जमीनच सांगाड्याच्या दांड्यांमधे खाली उतरवली, माणसं गाडीत ‘पायरी उतरून’ बसायची. वजन खाली आलं की वळणावर गाडी कमी कलते, म्हणून शर्यतीत ती गाजली. इथे एक फरक बघा. हडसननं गाडी खाली केली ती आराखड्यात. चाक, आर्म, टाय रॉड सगळं त्या उंचीसाठीच आखलं होतं.

तयार गाडी नंतर खाली करायची रीत वेगळ्या लोकांची. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वस्त्यांतली तरुण मुलं जुन्या शेव्हरोले घेत, डिकीत वाळूची पोती टाकत, स्प्रिंग कापत, आणि गाडी रस्त्याला टेकवून रविवारी सावकाश फिरवत. श्रीमंतांच्या गाड्या वेगानं पळत होत्या, ही मुलं मुद्दाम हळू चालवत होती. १ जानेवारी १९५८ पासून कॅलिफोर्नियात कायदा लागू झाला, की गाडीचा कुठलाही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेखाली असता कामा नये. १९५९ मध्ये रॉन अगीरे यानं विमानातले हायड्रॉलिक पंप आपल्या कॉर्व्हेटला बसवले : पोलीस दिसला की गाडी वर, पोलीस गेला की खाली. तो नियम आणि फेऱ्या मारण्यावरची बंदी तिथे थेट २०२४ पासून उठली. हौशीमागे माणसाची प्रतिष्ठा असते, हे आम्ही मान्य करतो. बोईसरचा मुलगा पहिल्या पगारातून हप्त्यावर जुनी गाडी घेतो आणि ती इतरांपेक्षा वेगळी दिसावी म्हणून खाली करतो, तेव्हा त्याला हसण्यात अर्थ नाही. फक्त लॉस एंजेलिसची मुलं हळू चालवत होती. आपला मुलगा तीच गाडी घेऊन मनोर नाहीतर चिल्हार फाट्यावरून महामार्गाला लागतो.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना, कंपनी १९४४ ची, वालचंद हिराचंदांची. तिथली फियाट ११०० पुढे १९७४ मध्ये ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. तिच्या पुढच्या चाकाला वर एक आणि खाली एक असे दोन आर्म, मागे अखंड आस आणि पाटे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली, आणि तिच्याबरोबर मॅकफर्सनचा खांब गावोगावच्या गॅरेजात पोचला. हा बदल मेकॅनिकच्या हातात जाणवला. दोन आर्मच्या गाडीत पातळ चकत्या, म्हणजे शिम, घालून-काढून कॅम्बर लावता येत असे. खांबाच्या बहुतेक घरगुती गाड्यांत कारखान्यानं कॅम्बर लावायची सोयच ठेवलेली नसते. फक्त टो लावता येतो. म्हणून ‘अलाइनमेंट करून दिली’ याचा अर्थ पुष्कळदा ‘टाय रॉड फिरवून टो लावला’ एवढाच असतो.

खाली बसवल्यावर काय मोडतं?

एक. गाडी दबली की खांबाच्या गाडीत खालचा आर्म आडवा होत जातो, चाकाचा खालचा सांधा बाहेर सरकतो, आणि चाकाचं वरचं टोक आत झुकतं. भार आतल्या कडेवर. ही कड उभं राहून दिसत नाही. बाहेरून टायर नवा, आतून तारा निघालेल्या, असं होतं ते यामुळे.

दोन. टाय रॉडचा कंस आणि आर्मचा कंस वेगळे पडतात. उंची बदलल्याबरोबर टो बदलतो. आणि हाच खरा टायर खाणारा. चाक सरळ दिशेपासून फक्त अर्धा अंश वळलेलं असेल, तर ते दर किलोमीटरला सुमारे ९ मीटर आडवं घासत जातं. वीस किलोमीटर गेलात, की पावणेदोनशे मीटर टायर तुम्ही डांबरावर खरवडलात. शिवाय खड्ड्यात चाक वरखाली झालं की टो पुन्हा बदलतो, म्हणजे गाडी आपणहून वळते.

तीन. स्प्रिंगला दबायला जागा कमी उरते. पूर्वी ८० मिलिमीटर होती, ती ४० राहिली समजा. तोच धक्का अर्ध्या अंतरात झेलायचा तर स्प्रिंग दुप्पट नाही, चौपट कडक लागतो. हिशेब वर्गाचा आहे. सहा वेढ्यांतला एक कापला तर स्प्रिंग जेमतेम वीस टक्के कडक होतो. उरलेला धक्का शॉकअपच्या टोकाचा रबर खातो, मग शॉकअप, मग बॉडी. आणि स्प्रिंग गॅसनं तापवून बसवला असेल तर त्याचं पाणीच उतरतं, तो पुढे केव्हा मोडेल याची खात्री नाही.

चार. वळणावर गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो या रचनेत गाडीच्या वजनापेक्षा जास्त खाली जातो. म्हणून नुसती खाली केलेली गाडी कधी कधी वळणावर पूर्वीपेक्षा जास्त कलायला बघते. हडसनला जे मिळालं ते कापलेल्या स्प्रिंगला मिळत नाही, त्याचं कारण हे.

दुरुस्तीचा क्रम

इतिहासातून मिळालेला धडा एका ओळीचा : आधी उंची, मग कोन. गाडी ज्या उंचीवर राहणार, ती आधी नक्की करायची. डावी-उजवीकडची उंची फेंडरच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंत मोजायची. टायरची हवा सारखी. बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, आर्मचे बुश ढिले असतील तर आधी ते बदलायचे, कारण ढिल्या सांध्यावर लावलेला कोन गेटच्या बाहेर पडेपर्यंतच टिकतो. नवे स्प्रिंग टाकले असतील तर थोडे दिवस चालवून बसू द्यायचे. आर्मचे बुश जॅकवर नाही, चाकं जमिनीवर असताना आवळायचे.

मग मागची चाकं. गाडी कुठे जाणार हे मागची चाकं ठरवतात, स्टिअरिंग नंतर. त्यानंतर पुढे : कॅस्टर आणि कॅम्बर आधी, टो सगळ्यात शेवटी. कॅम्बर हलवला की टो हलतोच, म्हणून उलटा क्रम चालत नाही. कॅम्बर लावायची सोय नसेल तर खांबाच्या तळाशी विक्षिप्त बोल्ट, म्हणजे कॅम्बर बोल्ट, घालतात. टाय रॉडचा कोन बिघडला असेल तर सांधा खाली आणणारे वेगळे टाय रॉड एंड आणि लांब बॉल जॉइंट लागतात, आणि ते त्याच गाडीसाठी बनलेले हवेत. शेवटी हेडलाइटची दिशा. गाडी पुढून-मागून सारखी बसली नाही की दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

मशीन नसलं तरी अंदाज घेता येतो. गवंड्याचा ओळंबा रिमसमोर धरा. १४ इंची रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेत ६ मिलिमीटरचा फरक म्हणजे साधारण एक अंश. जुने मेकॅनिक दोऱ्यानं टो बघायचे, तो याच जातीचा हिशेब. थ्रीडी कॅमेऱ्यानं आकडा अचूक झाला, पण आकडा वाचणारं मशीन गंजलेला लॉकनट सोडवत नाही. आपल्या किनाऱ्याच्या खाऱ्या हवेत टाय रॉडचा आटा धरतो. म्हणून पानं लावल्याआधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही छापील कागद मागून घ्या. दोन्ही कागदांवर तोच आकडा असेल तर काम झालेलं नाही.

आपला रस्ता

या सगळ्याला आपल्याकडे वेगळं वजन का, ते सांगतो. रेल्वे पालघर-बोईसरवरून जाते, महामार्ग पूर्वेला, आणि मधले जोडरस्ते एमआयडीसीच्या अवजड गाड्यांखाली. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं, औद्योगिक वसाहत वाढली, २०१४ मध्ये जिल्हा झाला. वाहनं प्रत्येक टप्प्याला वाढली. महामार्गावर काँक्रीटचा थर चढवायचं काम निघालं तेव्हा दोन लेनमधल्या उंचीच्या फरकाची तक्रार सगळ्यांनी ऐकली आहे.

गतिरोधकाचा हिशेब करू. भारतीय रस्ते काँग्रेसच्या १९८८ च्या शिफारशीनुसार गोल गतिरोधक १७ मीटर त्रिज्येचा, ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच. अडीच मीटरच्या आतली चाकं-चाकांतली लांबी असलेली गाडी त्यावर चढली, की पोटाखालचं अंतर सुमारे साडेचार सेंटिमीटरच कमी होतं, कारण चाकंही उंचवट्यावरच असतात. पण गावात हौसेनं घातलेला अरुंद गतिरोधक दोन्ही चाकांच्या मधे येतो आणि आपली पूर्ण उंची पोटाखालून वजा करतो. पोट आधी टेकतं ते अशा ठिकाणी.

आणि मुद्दाम गाडी खाली करणारे थोडेच. न कळत खाली झालेल्या गाड्या कितीतरी जास्त. पाळीला माणसं नेणारी, वर्षानुवर्षं भरून चालणारी व्हॅन घ्या. तिचे स्प्रिंग थकून बसलेले असतात. मालकानं काही बदललेलं नाही, पण गाडी आराखड्याच्या उंचीवर राहिलेली नाही. ती मशीनवर लावून नुसता टो सरळ करणं म्हणजे तापाच्या माणसाचा थर्मामीटर झटकणं. टायर फुटला तर आत बसलेल्या आठ माणसांनी उंचीचा निर्णय घेतलेला नसतो. आम्हाला हा विषय मांडावासा वाटला तो त्यांच्यासाठी.

राहिला कायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. निर्मात्यानं दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या प्रकरणात हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. म्हणून आमचा सल्ला सरळ : कंपनीच्या उंचीचे स्प्रिंग परत टाका, त्या उंचीवर अलाइनमेंट करा. सगळ्यात स्वस्त दुरुस्ती तीच आहे.

श्रोत्यांच्या प्रश्नांतून

प्रश्न : गाडी डावीकडे ओढते, म्हणजे अलाइनमेंट गेलंच का?

उत्तर : लगेच तसं म्हणू नका, काका. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच असतो. आपण डावीकडून चालवतो, म्हणून गाडी थोडी डावीकडे उतरणारच. आधी दोन्ही टायरची हवा बघा, मग पुढचे टायर आलटून-पालटून बघा. ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरचा. तरीही डावीकडेच ओढत असेल तर सपाट मोकळ्या जागेवर बघा, मग मशीनवर जा.

प्रश्न : आम्ही स्प्रिंग आधीच कापलेत. आता कॅम्बर बोल्ट टाकून चालेल का?

उत्तर : कापलेल्या स्प्रिंगचं टोक आपल्या बैठकीत नीट बसत नाही. गाडी उचलली की ते सुटूही शकतं. बोल्ट टाकून टायर थोडा वाचेल, स्प्रिंग वाचणार नाही. आधी स्प्रिंग बदला. मागच्या सीटवर घरचे बसतात ना? मग यात हौस सांभाळायचा प्रश्न उरत नाही.